सेम टू सेम? मग बिलावर लिहा ना!

गाडीला कारखान्यातून जी काच आली तीच परत मागितली तर या लोकांच्या पोटात का दुखतं, कोणी सांगेल का मला?

बायपासला डंपरची खडी उडाली, पुढच्या काचेला टिकली पडली आणि एसी लावताच भेग पार आरशापर्यंत. इंदूरला काही नवीन नाही हे. वर्कशॉपमध्ये पाय ठेवताच सांगितलं, ओरिजिनल पाहिजे, कंपनीच्या पार्ट नंबरची. "हाँ सर, हाँ सर." आणि बसवली कोणती? वाकून खालचा कोपरा बघितला तर गाडीच्या कंपनीचा लोगोच नाही! काच बनवणाऱ्याचं नाव आणि आयएसआयचा शिक्का, बस. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "भिया, सेम टू सेम है, एक ही फैक्ट्री का माल है."

असेल बाबा. बनवणारा पुष्कळदा एकच असतो, आणि आयएसआयवाली काच म्हणजे कचरा असंही मी म्हणत नाही. पण मग भाव लोगोवालीचा का लावला? बिलावर नुसतं 'फ्रंट ग्लास, १ नग'. पार्ट नंबर नाही, नाव नाही, काही नाही.

आणि सेम कसली डोंबलाची! रात्री समोरच्या गाडीचा एक दिवा मला दोन दिसतो. डाव्या बाजूला काचेत लाट आहे. मान हलवली की विजेचे खांब नागिणीसारखे वळतात. रेन सेन्सर धड चिकटवलेला नाही, कोरड्या ठणठणीत उन्हात वायपर खरखरतात. ज्यांच्या काचेमागे ब्रेक मारणारा कॅमेरा असतो, त्यांचं इथे काय होत असेल देव जाणे. काच बदलली की तो पुन्हा कॅलिब्रेट करायचा असतो.

मेहुणे म्हणतात, "भाऊजी, काचच तर आहे!" अहो, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा दाबलेला असतो, म्हणून ती फुटली तरी अंगावर येत नाही. शेजारच्या सीटची एअरबॅग फुगते ती बहुतेक गाड्यांत याच काचेला टेकून. आणि हे महाशय सीलंट ओला असतानाच किल्ली हातात देतात, "ले जाओ, कुछ नहीं होता"!

वर विम्याचं ज्ञान. "झिरो डेप नहीं है ना सर, ओरिजिनल महँगा पड़ेगा." झिरो डेप म्हणजे पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारं जादा कव्हर. कोणाला शिकवतो? साध्या पॅकेज पॉलिसीतही काचेला घसारा लागत नाही. रबर-प्लास्टिकचे ५० टक्के कापतात, काचेचा शून्य. माझ्या खिशातून जाणार ते क्लेममागे सक्तीचे १००० रुपये (१५०० सीसीच्या वर असेल तर २०००), शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. म्हणजे बोनस माझा बुडणार आणि काच मात्र यांना परवडेल ती!

सांगून आलोय. पार्ट नंबर लिहिलेलं बिल आणि त्याच नंबरची काच मिळेपर्यंत क्लेमच्या व्हाउचरवर सही होणार नाही. बसा बोंबलत.