अटलांटिकची लढाई एका आकड्यानं जिंकली नाही

भाचीच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय आणि ती तो सांख्यिकीच्या प्रेझेंटेशनमध्ये घालणार आहे, म्हणून हे लिहिणं भाग आहे. मेसेज असा: दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्यांपुढे ब्रिटिश नौदल हतबल होतं. ब्लॅकेट नावाच्या, समुद्रही न पाहिलेल्या गणितज्ञानं खोलीत बसून एक आकडा बदलला: पाणबुडीवर टाकायचा बॉम्ब पाण्याखाली किती फुटांवर फुटावा, त्याचे 100 चे 25 केले. अधिकारी हसले, पण एका रात्रीत यश 700 टक्क्यांनी वाढलं, लढाई जिंकली आणि त्याला नोबेल मिळालं.

समुद्र न पाहिलेला? पॅट्रिक ब्लॅकेट नौदलाच्या शाळेत शिकले आणि 1916 साली, पहिल्या महायुद्धात, जटलंडच्या नाविक लढाईत युद्धनौकेवर होते. ते भौतिकशास्त्रज्ञ. 1948 चं नोबेल क्लाउड चेंबर (सूक्ष्म कणांचे मार्ग दाखवणारं उपकरण) आणि विश्वकिरणांवरच्या कामासाठी होतं.

आणि तो आकडा त्यांचा नव्हताच. तो ई. जे. विल्यम्स या वेल्श भौतिकशास्त्रज्ञाचा, 1941 मधला. विमान दिसलं की पाणबुडी बुडी मारायची. हल्ला होईपर्यंत ती सरासरी 100 फूट खाली गेलेली असेल, म्हणून डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली ठरावीक खोलीवर फुटणारा बॉम्ब, तेवढ्या खोलीवर फुटेल असा लावत. ही सरासरी चुकीची नव्हती, ती लावणारेही मूर्ख नव्हते. पण विल्यम्सनं वैमानिकांनी लिहिलेले हल्ल्यांचे अहवाल तपासले आणि वेगळाच प्रश्न विचारला: इतकी खोल गेलेली पाणबुडी तोवर पुढे किंवा बाजूला किती सरकली, हे वरून कळणार कसं? ती बहुतेक वेळा हुकणारच. ठावठिकाणा पक्का असतो तो अजून वर असलेल्या किंवा नुकत्याच दिसेनाशा झालेल्या पाणबुडीचा, आणि तिच्याखाली 100 फुटांवर स्फोट होऊन काही साधत नाही. म्हणून स्फोट 25 फुटांवर हवा. म्हणजे सगळा आधार त्या अहवालांचा होता. 'खोलीत बसून डोकं चालवलं की पुरे, माहिती जमवायची गरज नाही' हा मेसेजचा सूर सांख्यिकी शिकणाऱ्या मुलांसाठी विषारी आहे.

700 टक्क्यांत थोडं तथ्य आहे, ते मान्य. शंभर हल्ल्यांत साधारण एक पाणबुडी बुडे, तिथे पुढे सात बुडू लागल्या. उरलेल्या 93 हल्ल्यांचं काय, हे मेसेज सांगत नाही. एका रात्रीतही काही झालं नाही: बॉम्ब ठरलेल्या खोलीवर फोडणाऱ्या आधीच्या यंत्रणेत एवढं उथळ सेटिंगच नव्हतं, सुरुवातीला 50 फुटांवर भागवावं लागलं.

लढाई जिंकली म्हणावं, तर पाणबुड्यांनी सर्वाधिक जहाजं बुडवली ती त्यानंतर, 1942 मध्ये. पारडं फिरलं मे 1943 मध्ये. त्या एका महिन्यात 41 पाणबुड्या गेल्या आणि जर्मन नौदलप्रमुख ड्योनिट्झनं उरलेल्या उत्तर अटलांटिकमधून मागे घेतल्या. त्यामागे सेंटिमीटर लहरींचं रडार, लांब पल्ल्याची लिबरेटर विमानं, संकेतभंजन, संरक्षक नौका असं बरंच काही होतं.

ब्लॅकेट यांच्या शास्त्रज्ञांच्या गटाचं खरं नाव घ्यायचं तर ताफ्यांच्या, म्हणजे संरक्षक नौकांसोबत एकत्र जाणाऱ्या मालवाहू जहाजांच्या, कामासाठी घ्या. जहाजं दुप्पट केली तरी ताफ्याचा परीघ दीडपटही होत नाही, म्हणून तेवढ्याच संरक्षक नौकांत मोठा ताफा अधिक सुरक्षित. हे 1943 मध्ये अमलात आलं. आधीच तपासायला हवं होतं, असं ब्लॅकेट यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे.