ब्लाउज उसवून मोठं करता येतं

काल नाचाच्या तालमीत एका पोरीनं डबा उघडलाच नाही. विचारलं तर म्हणे, "उपास आहे मॅडम." कालचा वार कोणाच्याच उपासाचा नव्हता. तिच्या दंडावर बारीक लव उगवलेली दिसली आणि माझ्या पोटात धस्स झालं. फार दिवस उपाशी राहिलं की अंगावर अशी लव उगवते. एकविसाव्या वर्षी माझ्याही दंडावर ती होती.

तेव्हा मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत एका नाटक मंडळात नाचायची. ब्लाउजचा हूक लागेना म्हणून मालक सगळ्यांसमोर "हत्तीण" म्हणाला. त्या सीझनला दिवाळीपासून होळीपर्यंत, पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकांत मी चहा आणि काकडीवर नाचले. आठ महिने पाळी नाही. गावातल्या बाया म्हणायच्या, पोरगी किती नाजूक दिसते! ते ऐकलं की मी आणखी एक घास कमी करायची.

मग घुंगरू बांधले की नडगी ठणकायला लागली. एक्स-रेत हाडाला बारीक चीर निघाली. कुठं पडले नव्हते, मार नव्हता. अन्न पुरत नाही तेव्हा शरीर पाळी थांबवतं, हाडं झिजू देतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं 2014 साली खेळाडूंमधल्या या अवस्थेला 'रेड-एस' नाव दिलं. नाचणारीचं शरीर काय वेगळं असतं?

माझी आजी उपाशी राहिली ते घरात दाणा नव्हता म्हणून. माझ्या वेळी ढोली धानानं भरलेली होती. म्हणूनच माझा आजार घरात कोणाला दिसला नाही.

बरी व्हायला दोन वर्षं लागली. एकदम ताटभर खायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अचानक अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस घसरतं, हृदयावर बेततं. रक्त तपासत, घड्याळ लावून, भूक असो नसो, वरण-भात आणि जवसाची चटणी. पाय सुजले, पोट फुगलं, मी रडले. ते हळूहळू उतरलं. माय शेजारी बसून लाखोळीची भाजी निवडत राहायची, माझ्या ताटाकडं न बघता. मधेच फक्त, "काहून वं, आणखी वरण देऊ?"

मंडळवाल्यांनो, डान्स शिकवणाऱ्यांनो, हात जोडून सांगते, पोरींच्या अंगावर बोलू नका. तालमीच्या जागी वजनकाटा ठेवू नका. ब्लाउज उसवून मोठं करता येतं, पोरीचं हाड नाही. आणि मायबापहो, सलग तीन महिने पाळी आली नाही तर ती लाजेची गोष्ट नाही, दवाखान्याची आहे. मनातलं बोलायला टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात.

त्या पोरीच्या मायशी रात्री बोलले. उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही तिघी तालुक्याला जातोय.