हेहाचीचा सातबारा

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका गेमिंग पार्लरमध्ये काल सहावीतल्या एका पोरानं मला टेकन या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये सलग पाच वेळा लोळवलं आणि वर "काका, सरका की आता" म्हणाला. हरल्याचं वाईट वाटलं नाही असं लिहिणार होतो, पण वाटलं. 'काका'चं त्याहून जास्त वाटलं.

पोरानं घेतला होता एडी गोर्डो. टेकनमध्ये चार बटणं म्हणजे चार अवयव: चौकोन डावा हात, त्रिकोण उजवा हात, एक्स डावा पाय, गोल उजवा पाय. इतकं साधं की आजीलाही पाच मिनिटांत शिकवता येईल. एडी आला १९९७ च्या टेकन थ्रीमध्ये. ब्राझीलचा, कापोएरा ही तिथली नाचासारखी लढाई लढणारा. त्याला घेऊन एक्स आणि गोल ही दोनच बटणं उखळात शेंगाचटणी कुटावी तशी कुटत राहिलं तरी तो हातांवर उलटा होतो, गिरक्या घेतो, आणि समोरचा विचार करत असतानाच आडवा होतो. त्याच्यावर उपाय आहे. त्यानं खालून पाय फिरवला की खाली-मागे दाबून बसून अडवायचा. अडवला गेला की तो क्षणभर उघडा पडतो, तेवढ्यात उठता उठता ठोसा लावायचा. पण नुसतंच बसून राहिलं तर मधल्या उंचीची लाथ तोंडावर बसते, म्हणजे कधी बसायचं हे प्रत्येक वेळी ओळखावं लागतं. हे सगळं मला पाठ आहे. पाठ असून पाच वेळा हरलो.

म्हटलं, चल, खरा गेम लाव. स्ट्रीट फायटर सिक्स.

आणि इथं पॅडनं दगा दिला. स्ट्रीट फायटरचं हाडोकेन, म्हणजे आगीचा गोळा, निघतं खाली, खाली-पुढे, पुढे आणि ठोसा, अशा एका सलग घसरपट्टीनं. शोर्युकेनला (उडी घेत वर मारलेला ठोसा) पुढे, खाली, खाली-पुढे. दोन्हींत तो तिरपा कोपरा लागतोच. पॅडवर कोपऱ्याचं वेगळं बटण नसतं. खालचा आणि बाजूचा असे दोन संपर्क एकदम टेकले की गेम त्याला कोपरा समजतो. दिशांच्या फुलीसारख्या बटणाखाली रबराची चकती असते, तिच्या पोटाला कार्बनचे ठिपके. पाच-सहा वर्षं हजार पोरांनी घासलेल्या पॅडवर एखादा ठिपका झिजतो. सरळ दाबलं तर तो लागतो, तिरपं दाबलं की दाब वाटला जातो आणि दोनातला एक सुटतो. परिणाम: माझा खेळाडू र्‍यू आगीचा गोळा फेकण्याऐवजी खाली बसून समोरच्याच्या नडगीला हळूच टिचकी मारत होता. माफी मागतोय असंच वाटत होतं.

तपासायची रीतही सांगितली मी मालकाला. सराव मोडमध्ये जा, इनपुट दाखवण्याचा पर्याय चालू करा, खाली-पुढे दाबून धरा. तिरपा बाण स्थिर दिसला तर पॅड ठीक, मधेच सरळ होत असेल तर गेला. पाठीमागचे चार स्क्रू काढायचे, कवच सावकाश उघडायचं (आत पट्टीसारखी केबल असते, ओढली की तुटते, शिवाय एल-टू, आर-टू या मागच्या बटणांच्या स्प्रिंगा टुणकन उडतात आणि मग झाडू घेऊन शोधत बसावं लागतं), कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून रबर आणि खालची फिल्म पुसायची, वाळू द्यायची. ठिपकाच उडाला असेल तर रबर बदलायचं. वीस मिनिटांचं काम.

मालकानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "टेकनला चालतोय की."

झालं. या गावातला अख्खा वाद या तीन शब्दांत मिटला. पोरानं तर स्ट्रीट फायटरमध्येही 'मॉडर्न' कंट्रोल घेतलं होतं; त्यात पुढे आणि त्रिकोण दाबलं की शोर्युकेन आपोआप. असा एका बटणावरचा मार २० टक्के कमी बसतो. माझ्या बाजूनं असलेला कायदा तेवढाच.

आता वाद काय, तर कुठला भारी. स्ट्रीट फायटर १९८७ चा, टेकन १९९४ चा. पण आपल्याकडं टेकन म्हणजे टेकन थ्रीच. १९९८ ला तो प्लेस्टेशनवर आला, मग कॉम्प्युटरवर शिरला, आणि तेव्हापासून "थ्रीची सर कशाला नाही" म्हणणाऱ्यांनी त्यानंतरचे पाच भाग बघितलेलेसुद्धा नाहीत. माझं म्हणणं साधं आहे. स्ट्रीट फायटरमध्ये हरलात तर का हरलात ते कळतं. लांब उभे होता आणि उगाच उडी मारली, म्हणून शोर्युकेन खाल्लं. ड्राइव्हच्या, म्हणजे ताकदीच्या, सहा कांड्या उधळल्या, म्हणून बर्नआउट होऊन, म्हणजे दम संपून, कोपऱ्यात चेचले गेलात. टेकनमध्ये एकेकाच्या शंभराच्या वर चाली. ज्या चालीशी गाठ पडली नाही तिनं हरता. ती कुस्ती नव्हे, स्पर्धा परीक्षा आहे. बाजूला सरकून ठोसा चुकवण्याची मजा मात्र टेकनचीच, हे मान्य. पण हवेत गेलेल्या माणसाला खाली न टेकू देता दहा-दहा तडाखे? बाकी एकातून एक मार जोडण्याची ही कला आली स्ट्रीट फायटर टूमधूनच, १९९१ साली, आणि तीही ठरवून नव्हे. गाडी फोडायच्या बोनस फेरीत बनवणाऱ्यांना ती सापडली आणि त्यांनी तशीच ठेवली.

हे मी पोराला तळमळून सांगत होतो आणि मागून आवाज आला, "ह्यो म्हातारा कोण ओ?"

पार्लर असतं झेरॉक्सच्या दुकानामागं, पडद्याआड. तिथं एक काका प्रिंट निघायची वाट बघत उभे होते. काखेत फाइल, खिशाला तीन पेनं. तहसीलमध्ये लोकांची जमिनीची कामं करून देणारे. स्क्रीनवर हेहाची होता.

"हेहाची मिशिमा. हा बाप. त्यानं पाच वर्षांच्या पोराला, काझुयाला, कड्यावरून फेकलं."

"का?"

"पोरगं दणकट आहे का ते बघायला."

"बरं. मग?"

"पोरगं वाचलं, मोठं झालं, बापाला हरवून त्याच कड्यावरून फेकलं. बाप वर चढून आला, त्यानं पोराला ज्वालामुखीत टाकलं. तोही परत आला. मधे नातू आला, जिन. आजोबानं त्याला गोळी घातली."

काकांनी पडदा बाजूला सारला, स्टूल ओढलं आणि बसले. "इस्टेट केवढी हाय?"

"मिशिमा झायबात्सू, घराण्याची अवाढव्य कंपनी. खाजगी सैन्यसुद्धा आहे."

"आता कुणाच्या नावावर?"

"टेकन फाइव्हनंतर नातवाकडं गेली. नंतर परत आजोबाकडं."

"फेरफार झाला का?"

मी गप्प. तीस वर्षांत जगातल्या एकाही टेकनवाल्याला हा प्रश्न पडला नसेल.

"ह्येला आणि वारस?"

"ली चाओलान आहे. दत्तक."

"दत्तकपत्र रजिस्टर हाय?"

"लार्स म्हणून एक आहे. तो… बाहेरचा."

काकांनी एक पेन काढलं. खरंच काढलं.

"आणि आता टेकन एटमध्ये रेना म्हणून मुलगी निघाली."

"मुलीला समान हिस्सा. २००५ ची दुरुस्ती," काका म्हणाले. "आणि म्हातारा?"

"टेकन सेव्हनमध्ये काझुयानं त्याला लाव्हात टाकला. मेला. पण २०२४ मध्ये पुन्हा आला."

"मृत्यूचा दाखला काढला नसणार," काका लगेच म्हणाले. "म्हणून परत येतोय. दाखला नाही, वारस नोंद नाही, मग केस कशी मिटंल? पिढ्या जातात ह्यात."

पोरगं टेकन सोडून काकांकडं बघत होतं. मी घाईघाईनं माझा गेम पुढं केला. म्हटलं, आमच्यात भारतीय आहे, धालसिम. हातपाय लांब करतो, तोंडातून आग काढतो. मुलाचं नाव दत्ता.

"दत्ता?" काका खुलले. "गाणगापूरला नवस केला असणार. जमीन किती?"

"कल्पना नाही."

"आणि हा पांढऱ्या कपड्यातला?"

"र्‍यू. मुख्य नायक. घरदार नाही. पिशवी खांद्याला लावून गावोगाव फिरतो, चांगला प्रतिस्पर्धी शोधतो."

"नावावर काहीच नाही?"

"नाही."

काकांनी पेन खिशाला लावलं. "मग भांडतोय कशाला?"

मालक हसला, पोरगं हसलं. मी अकुमाचं नाव घेतलं, म्हणालो आमचा माणूस टेकन सेव्हनमध्ये बोलावून न्यावा लागला. २०१२ मध्ये स्ट्रीट फायटर बनवणाऱ्या आमच्या कॅपकॉमनं दोन्ही घराणी एकत्र घेऊन गेम काढला, परतीचा गेम टेकनवाल्यांनी काढायचा होता, तो आजवर आला नाही. आहेर घेऊन परतफेड न करणारे लोक आहेत हे. ऐकायला कुणी नव्हतं. काका पोराला लीची बाजू समजावून सांगत होते.

उठलो तर मालकानं पूर्ण तासाचे पैसे लावले. म्हटलं, वीस मिनिटं तर काकांच्या वारस नोंदीत गेली, गेम पॉजवर होता. "पॉजवर असला तरी चालूच की मालक." त्या तासातली पंधरा मिनिटं मी त्याला पॅड दुरुस्तीही फुकट शिकवली होती, ती कुठं वजा झाली नाहीत. काकांचं बिल झालं सहा रुपये.

बाहेर ते गाडीला किक मारता मारता म्हणाले, "त्या दत्तकाचं बघून ठेवा. पुढच्या वेळी येताना झेरॉक्स आणा."