घरी शिकणाऱ्या मुलांना 18 पर्यंत ड्रायव्हिंग परमिट नाही? कोणत्या राज्यात?

अमेरिकेत मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांकडे हा मेसेज फिरत फिरत येतोच: ‘ड्रायव्हर्स एड (गाडी शिकवण्याचा कोर्स) फक्त हायस्कूलमध्ये होतं. त्यामुळे होमस्कूलिंगवाल्या मुलांना 18 पूर्ण होईपर्यंत परमिट (शिकाऊ लायसन्स) मिळत नाही. आईवडिलांनी शिकवलेलं सरकार धरत नाही, ऑनलाइन कोर्स ही फसवणूक आहे आणि विम्यात सवलतही मिळत नाही. सरळ 18 पर्यंत थांबा.’

एवढ्याशा मजकुरात इतके दावे, पण राज्याचं नाव एकदाही नाही. गोम तिथेच आहे. लायसन्स राज्य देतं आणि नियम राज्यागणिक बदलतात.

‘फक्त हायस्कूलमध्ये’ हे तर शाळेत जाणाऱ्या मुलांबाबतही आता खरं नाही. खर्च परवडेना म्हणून असंख्य सरकारी शाळांनी हा विषय कधीच बंद केला, त्यांची मुलंही खासगी ड्रायव्हिंग स्कूलमध्येच जातात. उलट नॉर्थ कॅरोलिनात सरकारी शाळांमार्फत चालणारा कोर्स घरी शिकणाऱ्यांनाही खुला आहे: वर्गातले 30 तास, स्टिअरिंगवर 6 तास. पेन्सिल्व्हेनियात तर ड्रायव्हर्स एडची सक्तीच नाही. 16 व्या वर्षी परमिट, मग सहा महिन्यांत 65 तासांचा सराव, त्यातले 10 रात्रीचे आणि 5 खराब हवेतले. ते झाले असं पालक डीएल-180सी फॉर्मवर लिहून देतात. शाळेचा संबंधच येत नाही.

आईवडिलांनी शिकवलेलं धरत नाहीत? टेक्ससला विचारा. तिथे ‘पेरेंट टॉट’, म्हणजे पालकांनीच शिकवायचं, ड्रायव्हर्स एड 1997 पासून कायदेशीर आहे, तेही सगळ्यांसाठी, होमस्कूलिंग असो वा नसो. मात्र आधी टीडीएलआर या राज्य खात्याकडे 20 डॉलर भरून मार्गदर्शक पुस्तिका घ्यावी लागते आणि मान्यताप्राप्त कोर्स निवडावा लागतो. उत्साही बाबा पुस्तिका येण्याआधीच मुलाला पार्किंग लॉटमध्ये नेतात. ते तास हिशेबात धरत नाहीत, आणि मग ‘सरकार मानत नाही’ ही तक्रार जन्माला येते. व्हर्जिनियात घरी शिकवणाऱ्या पालकांना डीएमव्ही या लायसन्स देणाऱ्या राज्य खात्याकडे अर्ज करून गाडीतलं प्रशिक्षण स्वतः देता येतं.

कॅलिफोर्नियात मात्र मेसेजवाल्याचं अर्धं खरं आहे. साडेसतराच्या आतल्या मुलाला स्टिअरिंगवरचे 6 तास परवानाधारक प्रशिक्षकाकडेच घ्यावे लागतात, पालक ते देऊ शकत नाहीत. पण वर्गाचा भाग ऑनलाइन चालतो आणि उरलेला 50 तासांचा सराव, त्यात रात्रीचे 10, पालकांसोबतच होतो. साडेपंधराला परमिट मिळतं. ‘18 पर्यंत काही नाही’ हे इथेही खोटंच.

ऑनलाइन कोर्सबद्दल: फसवणूक करणारी संकेतस्थळं आहेत, हे मान्य. म्हणून कोर्सच्या जाहिरातीवर न जाता आपल्या राज्याच्या खात्याची मान्यताप्राप्त यादी उघडायची. पाच मिनिटांचं काम आहे.

विम्याचं थोडक्यात सांगते. चांगल्या गुणांची सवलत काही कंपन्या घरी शिकणाऱ्यांनाही देतात. रिपोर्ट कार्डऐवजी प्रमाणित चाचणीचे गुण चालतात का, हे एजंटला विचारा.

आता सगळ्यात घातक सल्ला: ‘थांबा.’ दर मैलामागे पाहिलं तर 16 ते 19 वयातल्या चालकांचं जीवघेण्या अपघातांचं प्रमाण 20 च्या वरच्यांच्या जवळजवळ तिप्पट आहे. म्हणूनच राज्यांनी टप्प्याटप्प्याचं लायसन्स आणलं: आधी शेजारी मोठं माणूस, मग रात्री उशिराच्या ड्रायव्हिंगवर आणि गाडीतल्या मित्रांच्या संख्येवर बंधन, आणि शेवटी मोकळीक. थांबणाऱ्याचे हे टप्पे बव्हंशी गळून पडतात. टेक्ससमध्ये 18 ते 24 वयाच्या नवख्याला 6 तासांचा कोर्स पुरतो. पेन्सिल्व्हेनियात 18 नंतर 65 तासांची अट उरतच नाही. म्हणजे मेसेज मानून थांबलेला मुलगा रोड टेस्ट पास होऊन पहिल्यांदा रात्री पावसात गाडी काढेल, तेव्हा कदाचित शेजारच्या सीटवर कोणीही नसेल.