कॉर्ड ओळखणारं अ‍ॅप आलं म्हणून कान तयार करायचं सोडू नका

गिटार शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज खूप फिरतोय, की आता कुठलंही गाणं अ‍ॅपमध्ये टाका, १०० टक्के बरोबर कॉर्ड्स (एकदम वाजवायचे सुरांचे गट) मिळतात, एखादा अनोळखी कॉर्ड असेल तर फ्रेटबोर्डच्या (गिटारवर बोटं दाबतात त्या पट्टीच्या) चित्रावर बोटं कुठे आहेत ते दाखवा की नाव हजर, मग कान तयार करायचा आणि संगीताची थिअरी शिकायची गरजच काय. हे वाचून नवीन पोरं खरंच ते सोडून देतील असं वाटलं म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते नावाचं बघू. सी, ई, जी, ए हे चार सूर चित्रावर दाखवा. हा सी सिक्स पण आहे आणि ए मायनर सेव्हन पण आहे, सूर तेच. बेसला सी असेल आणि गाणं तिथेच विसावत असेल तर सी सिक्स, बेसला ए असेल आणि पुढे डी कडे जात असेल तर ए मायनर सेव्हन. डिमिनिश्ड सेव्हन्थ नावाच्या कॉर्डचं तर अजून अवघड, त्यात प्रत्येक सूर पुढच्यापासून तीन सेमीटोनवर (गिटारवर तीन फ्रेट) असतो त्यामुळे चारपैकी कुठलाही सूर मूळ धरता येतो आणि एकाच आकाराला चार नावं लागतात. चांगलं सॉफ्टवेअर सगळी नावं दाखवतं, पण त्यातलं कुठलं घ्यायचं ते तुम्हालाच ठरवायला लागतं आणि त्यासाठी लागते ती थिअरीच.

आता १०० टक्के बरोबर. १९९९ मध्ये ताकुया फुजिशिमा यांनी एक पद्धत मांडली, रेकॉर्डिंगमधल्या सगळ्या फ्रिक्वेन्सी, सप्तक कुठलंही असो, १२ सुरांच्या १२ खान्यांत गोळा करायच्या आणि ते चित्र कुठल्या कॉर्डशी जास्त जुळतं ते बघायचं. पुढचं बरंच काम याच पायावर उभं राहिलं. पण गिटारची जाडी तार ८२.४ हर्ट्झला वाजते तेव्हा तिच्यात पाचवा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पाचपट सूर) साधारण ४१२ हर्ट्झचा असतो, म्हणजे जवळपास जी शार्प, ई मेजरचा थर्ड (कॉर्ड मेजर की मायनर ते ठरवणारा सूर), त्यामुळे कोणी डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावून नुसता ई पॉवर कॉर्ड वाजवला, ज्यात थर्ड नाहीच, तरी सॉफ्टवेअरला ई मेजर ऐकू येऊ शकतो. आणि सप्तक एकदा मिसळलं की वाजवणाऱ्याने तो कॉर्ड फ्रेटबोर्डवर नेमका कुठे धरलाय हे त्या १२ खान्यांतून परत काढता येत नाही. कॅपोचंही (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) तेच, दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून ई मायनरचा आकार धरला तर ऐकू येतो एफ शार्प मायनर, मग नवीन मुलगा बिचारा बारे कॉर्डशी (एका बोटाने बऱ्याच तारा दाबायचा अवघड आकार) झगडत बसतो.

बीटल्सच्या 'अ हार्ड डेज नाइट'ची सुरुवात आठवा, १९६४ चं गाणं, पहिलाच कॉर्ड, आणि तो नक्की काय आहे यावर लोक कित्येक दशकं भांडतायत. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाचे गणितज्ञ जेसन ब्राउन यांनी २००४ मध्ये फुरिए ट्रान्सफॉर्म (आवाजातल्या फ्रिक्वेन्सी सुट्या करायचं गणित) लावून त्यातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढल्या आणि त्यात पियानोही आहे असा निष्कर्ष काढला. तरी वाद मिटला नाही. कारण तो एका गिटारचा कॉर्डच नाही, जॉर्ज हॅरिसनची १२ तारांची गिटार, बेस आणि बाकीचं सगळं एकदम वाजतंय, कुठला सूर कुणाचा हे शेवटी माणसालाच ऐकून ठरवावं लागतं.

आपल्याकडच्या भावगीतात वगैरे तर बरेचदा कॉर्ड्स वाजवलेलेच नसतात, तानपुऱ्याचा सा-प चालू आणि पेटी गाण्याच्या चालीबरोबर. अशा ठिकाणी अ‍ॅप जे दाखवतं तो अंदाज असतो, साथ कशी बसवायची हा निर्णय गिटारवाल्याचा.

अ‍ॅप वापरू नका असं मी अजिबात म्हणत नाही, गाणं स्लो करायला, गायकाचा आवाज वेगळा करायला, पहिला कच्चा आराखडा मिळवायला ते फारच कामाचं आहे. फक्त आराखडा आला की गाणं परत लावा, बेसचा सूर गुणगुणून गिटारवर शोधा, मग मेजर थर्ड बसतो की मायनर ते वाजवून बघा, आणि मग रेकॉर्डिंगबरोबर वाजवा, जिथे खटकेल तिथे अ‍ॅपचं नाव खोडून आपलं लिहा.