पागोळ्यांखालच्या धूम्रपानासाठी काही सूचना

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास सरकारने बंदी घातली आहे, हे ऐकून आपण धास्तावला असाल, तर जवळच्या बसथांब्यावर जाऊन निवांत उभे राहावे, म्हणजे धास्ती आपोआप जाईल. कायदा 2003 चा आहे आणि त्याचे नियम 2 ऑक्टोबर 2008 पासून, म्हणजे गांधीजयंतीचा मुहूर्त साधून, लागू झाले आहेत. इतक्या वर्षांत त्याची सवय झाली नसेल, तर दोष आपला आहे.

धूम्रपानबंदीच्या पाटीपासून सुरुवात करावी. ती किमान 60 सेंटिमीटर बाय 30 सेंटिमीटर असावी, असे नियम सांगतो. खाऱ्या वाऱ्याबद्दल मात्र तो काही सांगत नाही. आमच्या कोकणातल्या थांब्यावरच्या पाटीतील 'निषिद्ध' या शब्दाचा 'नि' गंजून गळून पडला आहे, त्यामुळे अडखळत वाचणाऱ्या नवख्या प्रवाशाला आपण धूम्रपानाच्या सिद्धक्षेत्री आलो असे वाटते, आणि आजूबाजूची मंडळी पाहिली की त्याची खात्रीच पटते.

जागा निवडताना मूळ कायद्याने 'मोकळी जागा' बंदीतून वगळली आहे, एवढेच लक्षात ठेवावे; बसथांबा आणि रेल्वे स्थानक मोकळ्या जागेत धरायचे नाही, असा खुलासा नंतरच्या नियमांनी केला आहे, तो विसरावा. आषाढात पाऊस कोसळत असताना छपराच्या कडेला असे उभे राहावे, की डावा खांदा पागोळ्यांखाली भिजेल आणि उजवा कोरडा राहील. मग आपण आत आहात की बाहेर, हे ठरवायला न्यायालयच लागेल. धूर अर्थातच आत येईल. बाकावर तापाने फणफणलेले मूल घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात निघालेली बाई बसलेली असेल, तर ती पदराने आधी मुलाचे नाक झाकील, मग स्वतःचे, आणि काहीच बोलणार नाही. हा मूक पाठिंबा समजावा.

सिगारेट सुटीच घ्यावी. महाराष्ट्रात सुट्या विक्रीला 2020 पासून बंदी असल्यामुळे टपरीवाला ती बरणीतून न काढता बरणीच्या मागून काढील, एवढाच काय तो फरक. सुटी घेण्याचा फायदा असा, की पाकिटाच्या दर्शनी बाजूचा 85 टक्के भाग व्यापणाऱ्या इशाऱ्यातले ते भयंकर चित्र आपल्याला पाहावे लागत नाही. ते टपरीवाल्यानेच दिवसभर पाहायचे. विस्तवाची चिंता नसावी. सार्वजनिक ठिकाणी राखपात्र, काडेपेटी किंवा लायटर पुरवू नये, असे नियम म्हणतो, म्हणून चहाच्या हॉटेलात राखेसाठी नारळाची करवंटी ठेवलेली असते आणि खांबाला काथ्याचा जळता सुंभ टांगलेला असतो. करवंटी आणि सुंभ यांचा उल्लेख नियमांत कुठेही नाही. सुंभ जळून त्याचा पीळ कायम राहतो, ही म्हण प्रत्यक्ष पाहायची असेल, तर याहून चांगली जागा नाही.

आता दंडाविषयी. तो 200 रुपयांपर्यंत आहे आणि 2003 पासून तेवढाच आहे. या काळात हापूसच्या पेटीचा भाव कुठून कुठे गेला, ते पाहता सरकारने ही एकच वस्तू सामान्यांना परवडेल अशी ठेवली आहे, याबद्दल कृतज्ञ असावे. दंड करण्याचा अधिकार पोलिसांखेरीज स्टेशनमास्तर, पोस्टमास्तर, मुख्याध्यापक आणि ग्रंथपाल यांनाही दिलेला आहे. ही यादी ज्याने केली, तो कोकणात कधी राहिलेला नसावा. आमच्याकडे पोस्टमास्तर भावकीतले असतात, मुख्याध्यापकांच्या घरी आपली मावसबहीण दिलेली असते आणि ग्रंथपाल गणपतीत आपल्याच भजनात मृदंग वाजवतात. दंड करायला परका माणूस लागतो, आणि नेमकी तीच तरतूद कायद्यात राहून गेली आहे.

क्वचित बदलीवर आलेला एखादा नवा अधिकारी खरोखरच पावतीपुस्तक उघडतो. अशा वेळी वाद घालू नये, सिगारेट पाठीमागे धरावी आणि "साहेब, गाव कुठला तुमचा?" एवढेच नम्रपणे विचारावे. गावावरून वाडी, वाडीवरून घर आणि घरावरून कुणाची तरी आत्या निघेपर्यंत चार-पाच प्रश्न पुरतात. पुस्तक मिटले, की मग त्यांना चहा सांगावा. करवंटी मात्र त्यांच्या बाजूला आधी सरकवावी, कारण साहेबांचा हातही एव्हाना खिशाकडे गेलेला असतो.