दर अकरा महिन्यांनी ब्रोकरेज कसलं मागता?

कोथरूड-कर्वेनगर भागात भाड्याने घर शोधणाऱ्या सगळ्यांना हेच अनुभव येतायत की आमच्याच नशिबी आलंय? डोकं फिरलंय अक्षरशः.

वन बीएचके, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, पाणी सकाळी दोन तास, आणि भाडं वीस हजार. का, तर म्हणे मेट्रो जवळ. अहो वनाझची मेट्रो मार्च २०२२ ला सुरू झाली, तेव्हापासून पार कर्वेनगरच्या आतल्या गल्लीतलं घर पण "मेट्रोपासून पाच मिनिटं" झालंय, संध्याकाळी कर्वे रोडला एकदा रिक्षात बसून दाखवा मग बोलू मिनिटांचं. आणि फोनवर भाडं सांगायच्या आधी आडनाव विचारतात! आडनाव ऐकलं की आवाजच बदलतो, "बघून कळवतो", आणि कळवत कोणीच नाही. पगार विचारा, आधार कार्ड घ्या, पोलीस व्हेरिफिकेशन करा, आमची काही हरकत नाही, पण आडनावावरून काय ठरवताय ते तोंडावर सांगायची हिंमत तरी ठेवा.

बरं हे सगळं पार करून घर मिळालं की एक महिन्याचं भाडं ब्रोकरला. ठीके, त्याने घर दाखवलं, दिलं. पण आता अकरा महिने संपले, घर तेच, ओनर तोच, आम्ही पण तेच, तरी साहेबांचा फोन येतो की रिन्युअलचं अर्धं ब्रोकरेज द्यावं लागेल. कशाबद्दल?? मधल्या काळात नळ गळत होता तेव्हा हाच माणूस फोन उचलत नव्हता.

वर ॲग्रीमेंटचे सहा हजार वेगळे. मी हिशोब घालून बसले. वीस हजार भाडं, अकरा महिने, वर साठ हजार डिपॉझिटचं दहा टक्क्यांनी व्याज, या सगळ्यावर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी म्हणजे साडेपाचशेच्या आसपास, रजिस्ट्रेशन फी १०००. बाकीचे साडेचार हजार अंगठा घ्यायला घरी येणाऱ्या पोराला मिळतात होय? आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, वाचा जरा, करार रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची आहे, नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार पण रजिस्टर करावाच लागतो, मग दोन-तीन वर्षांचा एकदाच करून टाकायला काय जातं? पण तसं केलं तर दरवर्षी यांची कमाई कशी होणार. मी ओनरकाकांना हे शांतपणे सांगितलं, तर म्हणाले, "ताई, परवडत नसेल तर दुसरं बघा, माझ्याकडे आयटीवाले लाईनीत आहेत."

दुसरं बघायचं म्हणजे परत ब्रोकरेज, परत टेम्पो, मुलीची शाळा लांब, आणि इथलं डिपॉझिट पूर्ण परत मिळेल याची काय गॅरंटी. मागच्या घरात रंगाचे म्हणून अठरा हजार कापले होते. बेडरूमच्या भिंतीला ओल होती, आम्ही राहायला आलो त्या दिवसापासून, पोपडे पडून कपाटामागे ढीग व्हायचा, फोटो काढून पाठवले होते तेव्हा "पावसाळा झाला की बघू" आणि सोडताना तीच भिंत आमच्या नावावर! बिल मागितलं तर म्हणे पेंटर बिल देत नाही.

यावेळी रिन्युअलचं ब्रोकरेज देणार नाही म्हणून मी लिहून पाठवलंय. ज्यांनी ज्यांनी नाही म्हणून सांगितलं आणि तरी त्याच घरात राहिलेत त्यांनी प्लीज सांगा कसं निभावलंत.